देवकाचा रकाना

शेहेचाळीस सालच्या फाल्गुनात कर्जतच्या दत्तोपंत वकिलांची सुचेता एक जाडजूड वही घेऊन कातळवाडीत आली. तिच्या मनात कुणाचं वाईट करायचं नव्हतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढे लोक तिला बरंच काही बोलले आणि त्यातलं सगळंच काही खोटं नव्हतं.

सुचेता मुंबईला समाजशास्त्र शिकत होती. हे शास्त्र म्हणजे नेमकं काय, ते कर्जतात कुणाला धड ठाऊक नव्हतं. समाज ठाऊक होता, शास्त्रंही दोनचार ठाऊक होती. पण दोन्ही एकत्र करून त्यासाठी लग्नाच्या वयाच्या मुलीला मुंबईत ठेवायचं म्हणजे वकिलांनी जरा जास्तच लाड चालवलेत, असं आळीतल्या बायकांचं मत होतं. दत्तोपंतांनाही ते फारसं कळलेलं नव्हतं, पण तसं कबूल करतील तर ते वकील कसले! "माणसांची मोजदाद करतात," असं ते पाहुण्यांना ठोकून देत. सुचेता चिडायची. "मोजदाद नाही हो अण्णा, समजून घ्यायचं असतं," ती म्हणायची. "माणसं एकमेकांना कशानं बांधलेली असतात, ते."

तिच्या सरांनी सांगितलं होतं की आपल्याच मुलखातलं एक लहानसं गाव घे आणि तिथली कुळं, नाती, सोयरिकी नीट मांडून दाखव. शितावरून भाताची परीक्षा. कातळवाडीचे आबाजी कोर्टाच्या कामासाठी दत्तोपंतांकडे येत. गावात त्यांचा शब्द चाले. ते म्हणाले, "पाठवा की लेकीला. आमचं काय लपवायचं हाय?" झालं, गाव ठरलं.

कोळशाच्या धुरावर चालणारी सर्व्हिस मोटर तिला चौक गावात सोडायची. तिथून दीड मैल शेताच्या बांधांवरून चालत जायचं. एक्केचाळीस घरांचं गाव. पण पहिल्या आठवड्यात तिला सहा घरंच पुरी करता आली, कारण प्रत्येक घरात आधी तिचीच चौकशी व्हायची. लग्न का झालं नाही, आईला किती लेकरं, चष्मा कशानं लागला. मग बायका आपसांत हसायच्या. "ही बाय इच्यारती काय, तर तुमी मामाची पोर करता का! आन् सांगितलं की लिवून घेती!" दुसऱ्या आठवड्यात मात्र त्याच बायका हाका मारून बोलवायला लागल्या. आपल्याला कुणी काही विचारतं आणि आपण सांगितलेलं शाईनं लिहितं, ही गोष्ट त्यांच्या जन्मात पहिल्यांदाच घडत होती.

वहीत तिनं रकाने आखले होते. घराचा क्रमांक, कर्ता पुरुष, कुळी, देवक, सुना कुठून आणल्या, लेकी कुठे दिल्या. यातला देवकाचा रकाना तिचा सर्वांत लाडका. लग्नाच्या मांडवात ज्या झाडाची डहाळी किंवा जे फूल पुजतात, ते त्या घराचं देवक. कुणाचं उंबर, कुणाचा आघाडा, कुणाचा कळंब. एका देवकाची माणसं कितीही लांबची असली तरी भाऊबहीण. त्यांच्यात सोयरीक होत नाही. कागदाचा एक चिटोराही नसताना या साध्या नियमानं शेकडो वर्षं हजारो लग्नं जुळवली होती आणि हजारो अडवली होती. सुचेताला ते फार सुंदर वाटायचं. पुस्तकात वाचलेलं असं अंगणात खेळताना दिसलं की तिला भरून यायचं.

तिला आवडलेली दुसरी गोष्ट नावांची. बाईनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही हे तिला कर्जतातही माहीत होतं. पण इथे त्या नावासारखा दिसणारा शब्दसुद्धा बायका तोंडात येऊ देत नसत. गोमाच्या बायकोला परसात गोम चावली, तर ती ठणाणा करताना "शंभर पायांचं चावलं गं!" असं ओरडली होती म्हणे. सदूची बायको सदऱ्याला आंगरखा म्हणायची. सुचेतानं चौदाव्या पानावर 'नामनिषेध' असं शीर्षक घातलं, त्याखाली दोन रेघा मारल्या आणि ही दोन्ही उदाहरणं हौसेनं लिहून काढली. 'स्त्रिया पर्यायी शब्द वापरतात. घरातील सर्वांना तो समजतो.' हे तिचंच वाक्य, तिच्याच अक्षरात.

सतराव्या पानावर इंदूबाईचं घर आलं.

इंदूबाईचं घर गावाच्या टोकाला, डोंगराच्या पायथ्याशी. म्हातारी मूळची घाटावरची. पंचवीस वर्षांमागे तिथे धरण झालं आणि तिचं गाव पाण्याखाली गेलं. माणसं वाट फुटेल तिकडे पांगली. तिचा नवरा कमळू बायकोला आणि नागू नावाच्या पोराला घेऊन घाट उतरला आणि कातळवाडीत दुसऱ्याची जमीन खंडानं करू लागला. पुढे कमळू गेला. नागूचं लग्न झालं, मुलगी झाली, आणि एका हिवतापाच्या साथीत नागू आणि त्याची बायको दोघंही महिन्याभरात गेली. उरली म्हातारी आणि नात ठमी. ना दीर, ना पुतण्या, ना भावकी.

या ठमीचं लग्न ठरलं होतं. तेही गावातल्याच भिवाजीच्या हिरामणशी. सुपारी फुटली होती. चैत्र वद्य पंचमीचा दिवस धरला होता. लढाई संपली तरी साखर परवान्यावरच मिळायची. लग्नाच्या साखरेचा अर्ज दत्तोपंतांनी लिहून दिला होता आणि खालापूरच्या मामलेदार कचेरीतून त्यावर शिक्का होऊन आला होता. हिरामणनं मांडवाचे बांबू इंदूबाईच्या अंगणात आधीच आणून टाकले होते. एवढी घाई कशाला, असं कुणी विचारलं तर तो म्हणायचा, "वाळायला नकोत व्हय?" बांबू वाळलेलेच होते. तो रोज ते बघायला यायचा आणि ठमी त्या वेळी नेमकी अंगण झाडायला निघायची. सारं गाव बघून न बघितल्यासारखं करायचं.

"हिला येकदा घर मिळालं की मी डोळं मिटाया मोकळी," इंदूबाई म्हणायची. ती हे प्रत्येकाला सांगायची. सुचेतालाही तिनं तांदूळ पाखडता पाखडता तेच सांगितलं.

कर्त्याचं नाव शेजारणीनं सांगितलं, "लिही, कमळू." इंदूबाईनं सुपातून मान वर केली नाही. ठमी त्या वेळी नदीवर धुणं घेऊन गेली होती. ती घरात असती तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती.

"आणि देवक, आजी?"

इंदूबाई थोडी थांबली. किंचित हसली. पदर पुढे ओढून म्हणाली, "आमचं कळंब."

सुचेतानं लिहिलं: कळंब. गावात अकरा घरं कळंबाची होतीच. ही बारा झाली. तिनं शाई वाळवली आणि पुढच्या घराकडे गेली.

पाडव्याच्या सकाळी देवळात गाव जमलं होतं. कडुलिंबाचा पाला वाटून झाला, पंचांग वाचून झालं. सुचेताचं काम संपलं होतं. ती निरोप घ्यायला आली होती. आबाजी म्हणाले, "बाय, म्हैनाभर आमच्या गावात फिरलीस. काय लिवलंस ते वाचून तरी दाव."

सुचेताला आनंद झाला. ज्यांच्याकडून घेतलं त्यांना परत सांगावं, हे तिला न्यायाचं वाटलं. ती खांबाला टेकून उभी राहिली आणि एकेक घर वाचू लागली. लोक माना डोलवत होते. आपलं घर आलं की पुरुष मिशीवरून हात फिरवत आणि बायका एकमेकींना कोपरानं ढोसत. काय मौज चालली होती! भिवाजीचं घर आलं, "क्रमांक नऊ, कर्ता भिवाजी, देवक कळंब." भिवाजीनं हात जोडले. असं करत करत सदतिसावं घर आलं.

"कर्ती इंदूबाई, कमळू यांच्या पत्नी. राहणार पूर्वी घाटावर. देवक कळंब."

तिनं पान उलटलं तेव्हा तिच्या लक्षात आलं की कुणीच हलत नाही.

"परत वाच, बाय," भिवाजी म्हणाला.

तिनं परत वाचलं. वाचता वाचताच तिला कळलं. नऊ आणि सदतीस. दोन्ही कळंब. भाऊ आणि बहीण.

"सुपारीच्या येळला मी इच्यारलं व्हतं," भिवाजी हळूच म्हणाला. तो भांडखोर माणूस नव्हता. "देवक येगळं हाय ना, म्हनून. म्हातारी व्हय म्हणाली. घाटावरली माणसं, येगळंच आसंल, आसं मीबी धरून चाललो. आता ह्ये काय?"

सुचेता तशीच इंदूबाईच्या घराकडे पळाली. म्हातारी दारात गुढीला गाठी बांधत होती. सुचेतानं धापा टाकत विचारलं, तशी ती आधी हसलीच.

"अगं, त्ये झाड नाय काय! पाण्यातलं. त्ये, लक्ष्मी बसती त्ये फूल!"

"कमळ?"

इंदूबाईनं दोन्ही हात कानांवर नेले आणि मान खाली घातली, जणू सुचेतानं तिच्या नवऱ्याला एकेरीत हाक मारली होती.

"मग तुम्ही कळंब का म्हणालात, आजी?"

"मी कळंबच म्हनते. लगीन झाल्यापास्नं. सासूनंच सांगितलं व्हतं, त्याचं नाव त्या फुलात हाय, तू आपली कळंब म्हन. घरात समद्यांला ठावं हाय."

ठमी आतून बाहेर आली होती. "आज्जी कमळाला कळंब म्हनती," ती म्हणाली. "मला ठावं हाय की. का? काय झालं?"

घरात समद्यांला ठावं होतं. आता घरात दोघीच होत्या. सुचेताला चौदावं पान आठवलं. दोन रेघा आठवल्या. आपल्याच हातानं लिहिलेलं शहाणपण तीन पानांवर विसरायचं, याला काय म्हणावं? इतकी पुस्तकं वाचून तिनं म्हातारीचं ते हसू वाचलं नव्हतं. तिला स्वतःच्या कानफटात मारून घ्यावंसं वाटलं.

आबाजींना तिनं सगळं समजावून सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "तुझं खरं आसंल, बाय. पन हे मी येकट्यानं कसं ठरवू? पंच बसतील. तवर कमळूच्या भावकीतला येक तरी मानूस घेऊन ये. त्यानं सांगितलं की मिटलं."

सुचेता वडिलांच्या कारकुनाला घेऊन आगगाडीनं घाट चढली. दोन दिवस पायपीट केली. बुडालेल्या गावची माणसं कुणी कुठे, कुणी कुठे. बरीचशी मुंबईच्या गिरण्यांत, बरीचशी मेलेली. शेवटी ठाकुरवाडीच्या बाजूला एका पाड्यावर त्या गावचा एक म्हातारा सापडला. तो कमळूच्या कुळीतलाच होता.

"देवक?" तो म्हणाला. "आमी मांडवाला आता घावंल तो पाला बांधतो. पंचपालवी. पाच झाडांची पानं घ्येतली की भागतं."

"पण पूर्वी? पूर्वी कमळ होतं का?"

"आसंल. नसंल. बा व्हता त्याला ठावं." तो खाली दरीकडे बघत राहिला. "गावात तळं व्हतं आमच्या. आता धरणात पाणी लई हाय, पन त्यात कमळ येत नाय."

सुचेता गयावया करत म्हणाली, "तुम्ही एवढं फक्त कातळवाडीत येऊन सांगा. कमळ होतं म्हणून." म्हातारा म्हणाला, "ठावं नाय त्ये शपथेवर कसं सांगू, बाई? देवाधर्माचं हाय ह्ये." तो प्रामाणिक होता. या सगळ्या प्रकरणात ज्याला त्याला प्रामाणिकपणाच नडत होता, यापेक्षा वाईट काय असतं!

पंच देवळातच बसले. पाचामुखी परमेश्वर म्हणतात. त्या दिवशी पाचही मुखं उतरलेली होती. एका बाजूला भिवाजी आणि त्याच्यामागे मान खाली घातलेला हिरामण. दुसऱ्या बाजूला इंदूबाई आणि तिच्या पाठीशी ठमी. मध्ये सुचेताची वही, पाटावर, पोथी ठेवावी तशी ठेवलेली.

सुचेतानं पुन्हा सगळं सांगितलं. गोमाच्या बायकोची गोमही सांगितली. कुणी हसलं नाही.

"आमच्या घरात बी बायका नाव घेत नाय," एक पंच म्हणाला. "ह्ये नवं नाय. पन मंग खऱ्या कळंबाला ही काय म्हनते?"

इंदूबाई गोंधळली. "त्यालाबी कळंबच म्हनते," ती म्हणाली.

"म्हंजे दोन्हीला येकच. मंग बायला सांगितलं त्ये कंचं?"

आबाजी म्हणाले, "नागूच्या लग्नाला मी मांडवात व्हतो. पंचपालवी व्हती. त्यात कळंबाची डहाळी मी डोळ्यांनी पायलीय. कमळ व्हतं, तर कमळ का नाय ठिवलं?"

"वैशाख व्हता," इंदूबाई म्हणाली. "वैशाखात त्ये फूल मी कुठनं आनू?"

"ठमी सांगते ना," सुचेता मध्येच म्हणाली. "तिला माहीत आहे."

"नवरीची साक्ष धरतात व्हय, बाय?" आबाजी इतक्या मऊपणानं म्हणाले की सुचेताला रडू आलं. दत्तोपंतांच्या मुलीला साक्षीपुराव्याचा कायदा कातळवाडीत कुणी शिकवावा!

मग दुसरा पंच म्हणाला, "म्हातारीनं सवताच्या तोंडानं सांगावं. आमचं देवक अमुक. फुलाचं नाव घेऊन. पाण्यातलं, लक्ष्मीचं, आसं नाय."

देवळात सगळे इंदूबाईकडे बघू लागले. तिनं तोंड उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं. पन्नास वर्षांची सवय गळ्यात अडकली होती. नवरा जाऊन वीस वर्षं झाली तरी तिनं ते नाव कधी उच्चारलं नव्हतं. तो मरत होता तेव्हासुद्धा तिनं "आवो, आवो" एवढंच म्हटलं होतं. सुचेता तिच्यापाशी जाऊन बसली आणि कानाशी म्हणाली, "आजी, घ्या नाव. ठमीसाठी घ्या. लग्नात उखाण्यात घेतलं असेल ना? तसंच घ्या."

इंदूबाई उठून उभी राहिली. डोक्यावरचा पदर सारखा केला. भिंतीकडे तोंड करून, नव्या नवरीसारख्या बारीक आवाजात ती म्हणाली,

"पाण्यात बुडालं गाव माजं, पाण्यात बुडाला पार,
कमळूचं नाव घेते, नातीचं उघडा दार."

आणि मग वळून, पंचांच्या तोंडाकडे बघत, मोठ्यानं म्हणाली, "आमचं देवक कमळ. कमळ. कमळ हाय."

बायकांत कुणीतरी हुंदका दिला. आबाजींनी उपरण्यानं डोळे पुसले. सुचेताला वाटलं, सुटलो. एवढं ऐकून दगडालाही पाझर फुटेल. आणि पाझर फुटला होताच. पण तो निकालापर्यंत पोचला नाही.

आबाजी म्हणाले, "इंदूबाई, तू आमच्या गावात पंचवीस वर्सं ऱ्हायलीस. तुज्या तोंडून वावगा शबुद कुणी ऐकला नाय. पन जी बाई चारचौघांत दादल्याचं नाव घेती, ती नातीसाठी काय बी बोलंल. मी तुला वाईट म्हनत नाय. माजी आई आसती तर तिनंबी ह्येच केलं आसतं. म्हनूनच मी ह्ये धरू शकत नाय."

"आबाजी—" सुचेता म्हणाली.

"थांब, बाय. तू इच्यारलंस तवा तिला काय ठावं व्हतं, ह्याच्यावर लगीन आडनार हाय म्हनून? तवा ती मोकळ्या मनानं बोलली. कळंब म्हणाली. मोकळ्या मनाचं खरं, का गरजेचं खरं? तू शिकलेली. तूच सांग."

सुचेताच्या सरांनी वर्गात अगदी हेच सांगितलं होतं. उत्तरावर आपलं नफानुकसान अवलंबून आहे हे ज्याला ठाऊक नसतं, त्याचं उत्तर अधिक विश्वासाचं. तिनं ते उतरवून घेतलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं. आता अंगठेबहाद्दर आबाजींनी तेच शास्त्र तिच्यापुढे ठेवलं. तिला सगळं समजत होतं. हे पंच दुष्ट नाहीत, नियम मोडला तर उद्या प्रत्येक घर आपापल्या सोयीनं देवक बदलेल, गावाला स्वतःला धरून ठेवायचं असतं. सगळं, सगळं समजत होतं. त्या समजण्याचा काडीचा उपयोग नव्हता.

तिनं झडप घालून वही ओढली, शाईचा टाक काढला आणि सतराव्या पानावर कळंबावर काट मारून वर लिहिलं: कमळ. "हे बघा. माझी चूक होती. मी दुरुस्त केली," ती म्हणाली.

"आता खोडलंस, बाय," आबाजी म्हणाले. "पाडव्याला वाचलंस त्ये समद्या गावानं ऐकलंय. त्ये कसं खोडशील?"

हिरामण उठून बाहेर गेला. त्याच्या बापानं त्याला हाक मारली नाही.

पंचांनी दंड केला नाही, वाळीत टाकलं नाही. अजाणता झालं, देवानं वेळीच वाचवलं, असं म्हणून नारळ फोडला. ठमीच्या नावाला बट्टा लागू नये म्हणून आबाजींनीच तोड काढली, आणि ती काढताना त्यांना खरोखर आपण पोरीचं भलं करतोय असं वाटत होतं. एका देवकाची म्हणजे बहीण. तर भिवाजीनं ठमीला लेक मानावं, हिरामणनं बहीण. म्हणजे कुणी वेडंवाकडं बोलणार नाही. भिवाजीनं ते लगेच कबूल केलं. भला माणूस. चैत्र वद्य पंचमीला, ज्या दिवशी मांडव पडायचा होता त्या दिवशी, त्याच्या बायकोनं इंदूबाईच्या घरी सुपात नारळ, हिरव्या बांगड्या आणि चोळीचा खण पाठवला. भावाकडून बहिणीला.

त्यानंतर आठवड्यानं सुचेता कातळवाडीत शेवटची गेली. जायची तिची छाती होत नव्हती, पण न जाता मुंबईला निघणंही जमेना. अंगणातले बांबू गेले होते. ते पडले होते तेवढी माती वेगळ्या रंगाची दिसत होती. इंदूबाई खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिनं पंचांपुढे नाव घेतल्यापासून कुणाशी फारसं बोलणं टाकलं होतं. सुचेता पायांशी बसली, माफी मागितली. म्हातारीनं तिच्या हातावर हात ठेवला, तो तसाच राहिला.

"तू काय केलंस, पोरी?" ती भिंतीलाच म्हणाली. "बोलले त मीच. आन् नाव घ्येतलं त्ये फुकट गेलं."

ठमी चुलीपाशी होती. तिच्या अंगात त्याच खणाची नवी चोळी होती. सुचेताची नजर तिकडे गेलेली पाहून ती म्हणाली, "काय करनार? नाय घातली तर म्हनतील, पोरीच्या मनात आजून हाय."

मग ती हात पुसून जवळ आली. "ताई, ती वही आनलीस का?"

सुचेतानं पिशवीतून वही काढली.

"तू खोडलंस ना? दाव."

सुचेतानं सतरावं पान उघडलं. ठमीला अक्षर येत नव्हतं. तिनं काट मारलेल्या शब्दावर बोट ठेवलं. "ह्ये आमचं? कमळ कुठं लिवलंय?"

"हे वरचं."

ठमीनं ते बोट तिथेच ठेवलं. दुसऱ्या हातानं ती मागची पानं चाळू लागली. "आन् त्यांचं घर कुठं हाय?"

सुचेतानं नववं घर काढून दिलं. ठमीनं त्यावर दुसऱ्या हाताचं बोट ठेवलं. दोन पानं, दोन बोटं, मध्ये बाकीच्या घरांची पानं.

"आता जमतं ना, ताई? कमळाचं आन् कळंबाचं?"

"जमतं," सुचेता म्हणाली.

"कागदावर," ठमी म्हणाली. वही अलगद मिटून तिनं सुचेताच्या हातात दिली आणि भाकरी करपते म्हणून चुलीकडे गेली.